जाताना साडेसहा तास, येताना चोवीस!

माझी डोंबिवलीची मावशी २०१८ च्या मे महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला, म्हणजे न्यूयॉर्कच्या शेजारी, निघाली. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, आणि तोही थेट अमेरिकेचा. तिकिटाची प्रिंट हातात आल्यावर तिने चष्मा लावला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मला फोन केला. "अरे, जाताना पहाटे दोनला निघून त्याच दिवशी सकाळी साडेआठला पोचतंय. म्हणजे साडेसहा तास. आणि येताना सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी अकराला. चोवीस तास! येताना काय पॅसेंजर गाडी लावतात का?"

तीस वर्षं पतपेढीत खाती सांभाळलेल्या बाईची वजाबाकी चुकणार कुठे? वजाबाकी बरोबरच होती. उत्तर मात्र दोन्हीकडे चुकलं होतं, आणि चुकलं तेही नेमकं उलटं. तिला जायला सोळा तास लागणार होते आणि यायला साडेचौदा. म्हणजे जे तिला झटपट वाटत होतं ते लांबचं होतं, आणि ज्याला ती पॅसेंजर म्हणत होती ती खरी सुपरफास्ट.

त्यानंतर दोन-तीन दिवस आमचे फोन याच विषयावर चालले. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर जाताना आणि येताना वेगळं असतं का? नसतं. मग वेळ का बदलतो? आणि गुगलवर सापडतात ते साडेबारा हजार किलोमीटर नेमके कुठून कुठे मोजलेले असतात?

आधी घड्याळाचा गोंधळ मिटवू, कारण तो सगळ्यात सोपा. तिकिटावर सुटायची वेळ ही सुटणाऱ्या शहराच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या शहराच्या. आपल्या एसटीला किंवा रेल्वेला हा प्रश्नच येत नाही, कारण गुवाहाटीपासून द्वारकेपर्यंत आपण एकच घड्याळ वापरतो. मुंबई ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि न्यूयॉर्क उन्हाळ्यात चार तास मागे. मधली फट साडेनऊ तासांची. आता मावशीचं तिकीट पुन्हा मांडू. पहाटे दोनला निघालं, सोळा तास उडालं, तर मुंबईच्या घड्याळात संध्याकाळचे सहा. त्यातून साडेनऊ वजा केले की न्यूयॉर्कची सकाळ, साडेआठ. येताना सकाळी अकरा अधिक साडेचौदा म्हणजे न्यूयॉर्कचे रात्रीचे दीड. त्यात साडेनऊ मिळवले की मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा. चोवीस तास कुठे गेलेच नव्हते.

मी तिला एवढंच सांगितलं की मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदलू नकोस. मोबाईल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही. दोन वेळा बघून वजाबाकी केली की प्रवास किती झाला ते कळतं.

यात एक छोटी मेख आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपण तसं काही करत नाही. त्यामुळे हिवाळ्यात हीच फट साडेदहा तासांची होते, आणि विमानाला तेवढाच वेळ लागला तरी तिकिटावरचा एक तरी आकडा बदललेला दिसतो.

आता अंतर. मावशी विमानात बसली, समोरच्या पडद्यावर नकाशा लागला आणि तिची झोप उडाली. पोचल्यावर सांगत होती, "अमेरिका पश्चिमेला ना रे? आणि हा बाबा निघाला सरळ वर! गुजरात काय, रशिया काय. मला वाटलं चुकून दुसऱ्याच विमानात बसले."

तिचा दोष नाही, दोष शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाचा. त्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या डावीकडे, थोडं वरच्या बाजूला असतं. पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिक ओलांडते. ही रेघ सरळ दिसते, पण सगळ्यात जवळची नाही. तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. जवळची वाट साडेबारा हजारांची आहे. फरक सतराशे किलोमीटरचा, म्हणजे जवळपास मुंबई ते कोलकाता हवाई अंतराएवढा.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून धरा. तो आपोआप घसरत उत्तरेकडे जाईल. दोऱ्याला नकाशा कळत नाही, त्याला फक्त ताण कळतो, आणि ताणलेला दोरा जवळची वाटच धरतो. गोल नसेल तर मोठं मोसंबं आणि पेन घेऊनही हे जमतं, मुलांना तर त्यातच जास्त मजा येते.

हा दोरा सौराष्ट्र आणि कच्छवरून निघतो. पुढे सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग. मग रशियात शिरून सेंट पीटर्सबर्गच्या थोडं दक्षिणेकडून जातो, नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळून समुद्रावर येतो, आइसलंडचा दक्षिण भाग ओलांडतो, ग्रीनलंडचं खालचं टोक उजव्या हाताला ठेवतो आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून न्यूयॉर्कला उतरतो. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या आत, आणि वाट मात्र ६५ वरून! भूगोलाच्या पुस्तकात विषुववृत्ताला बृहद्‌वृत्त म्हटलेलं आठवत असेल. गोलाचे बरोब्बर दोन समान भाग करणारं कुठलंही वर्तुळ म्हणजे बृहद्‌वृत्त, आणि गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट नेहमी अशाच एखाद्या वर्तुळाचा तुकडा असते.

हे भिंतीवरच्या नकाशात दिसत नाही, कारण गोल साल सपाट करायची तर कुठेतरी ताणावी लागते. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली जो नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी होता. त्यात होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून गेलं की सरळ रेघ मिळते, जहाजाला तेच हवं होतं. त्याची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. आपण पट्टी ठेवतो ती या फुगलेल्या कागदावर.

साडेबारा हजार हा आकडाही कुणी फीत धरून मोजलेला नाही. पृथ्वीच्या केंद्रातून मुंबईकडे एक काडी आणि न्यूयॉर्ककडे दुसरी काडी काढली तर त्यांच्यात सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. एका अंशाला साठ सागरी मैल, म्हणजे ६,७६२ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. गुणाकार करा, साडेबारा हजार किलोमीटर येतात. पायलट लोक अजूनही किलोमीटर न वापरता सागरी मैल का वापरतात याचं कारण यातच आहे, कोन कळला की अंतर कळतं.

पण हे दोऱ्याचं अंतर. कुठलंच विमान नेमकं दोऱ्यावरून उडत नाही. खाली देश आहेत, आणि आकाशालाही सरहद्द असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय कंपन्यांच्या विमानांना ते पुन्हा बंद झालं. दोऱ्याचा सुरुवातीचाच भाग कापला गेला की विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. दिल्लीहून निघणाऱ्यांना तर हा वळसा मुंबईकरांपेक्षा जास्त जाचतो, कारण त्यांना आधी खाली यावं लागतं.

रशियाचं त्याहून मोठं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते उघडं राहिलं. त्यामुळे त्याच दोन शहरांमधला प्रवास विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचा झेंडा आहे यावर लांब किंवा आखूड होऊ लागला. सगळ्यात जास्त फटका बसला फिनलंडला. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला, कारण विमानं सैबेरिया सोडून उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाऊ लागली. शहरं जागच्या जागी, आणि प्रवास साडेतीन तासांनी वाढला.

डोंगरांचंही असंच. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत. ती तेवढ्या उंचीवर उडू शकतात, प्रश्न तो नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला झटपट दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास खाली यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली यायचं कुठे? सुदैवाने मुंबई-न्यूयॉर्कच्या वाटेत तिबेट येत नाही.

वळसे, उतरण्याआधीच्या घिरट्या धरून मुंबई ते न्यूयॉर्क प्रत्यक्षात तेरा हजार किलोमीटर उडावं लागतं असं समजू. हा आकडा हिशोबापुरता, रोज थोडा वेगळा. मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतं. भागाकार केला तर साडेचौदा तासांना तीन मिनिटं कमी. जाताना तेवढेच, येताना तेवढेच. मग सोळा कुठून आले?

इथे माझा कॉलेजात जाणारा भाचा मध्ये पडला. त्याचं म्हणणं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पश्चिमेला निघालेलं विमान हवेत असताना अमेरिका खालून आपणहून पुढ्यात यायला हवी. म्हणजे जाताना कमी वेळ लागायला पाहिजे! ऐकायला बिनतोड आहे. मुंबईची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने धावते आहे, हेही खरं. पण धावपट्टी, विमान, विमानतळावरची हवा आणि वडापावची गाडी हे सगळं त्याच वेगाने धावतंय. चालत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे. विमान जमिनीवरून सुटतं, पण पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या हवेतून सुटत नाही.

मात्र भाच्याने पकडलेलं टोक अगदीच टाकाऊ नव्हतं. पृथ्वीचं फिरणं आडवाटेने येतं, वाऱ्यातून. विषुववृत्ताकडची हवा तापते, वर चढते आणि ध्रुवांकडे सरकते. तिच्या अंगात मूळ ठिकाणचा पूर्वेकडचा वेग मुरलेला असतो. मुंबईच्या अक्षांशावर तो १,५८०, न्यूयॉर्कच्या अक्षांशावर जमिनीचा वेग १,२७० च्या आसपास. उत्तरेकडे गेलेली हवा खालच्या जमिनीला मागे टाकून पूर्वेकडे पुढे पळू लागते. खालच्या बाजूला डोंगर, झाडं, पाणी यांच्या घर्षणाने हा वेग मरतो. पण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जिथे विमानं उडतात नेमकी तिथे, ती हवा अरुंद नदीसारखी वाहते. हीच जेट स्ट्रीम. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर तर सहज, कधी साडेतीनशेच्याही वर. दिशा जवळजवळ कायम पश्चिमेकडून पूर्वेला.

ही नदी सापडली त्याची गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये वासाबुरो ओईशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून वरचा वारा मोजत होते. फुगे भन्नाट वेगाने पूर्वेला निघून जात. त्यांनी सगळी निरीक्षणं व्यवस्थित लिहिली आणि १९२६ मध्ये छापली, जगाला वाचता यावीत म्हणून एस्पेरांतो या जागतिक होऊ घातलेल्या भाषेत. त्यामुळे ती जगात जवळजवळ कुणीच वाचली नाहीत. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून जाऊ लागली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा स्वतःच्या अंगावर शिकावा लागला.

आता मावशीचे सोळा आणि साडेचौदा. खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ओहोटीबरोबर समुद्राकडे जायला हात हलवावे लागत नाहीत, त्याच ओहोटीत उलटं यायचं तर दम निघतो. होडीचा पाण्यातला वेग तोच, काठावरून बघणाऱ्याला मात्र वेगळा दिसतो. विमानाचं ९०० हे हवेतलं मोजमाप आहे. संपूर्ण वाटेवर सरासरी ५० चा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि तेरा हजारांना सव्वापंधरा तासांहून थोडे जास्त लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर ९५०, आणि पावणेचौदाच्या आत. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास मिळवा. मावशीचं तिकीट तयार.

यात एक गंमत दडलेली आहे. समोरचा वारा आपले ५१ मिनिटं खातो, पाठीमागचा मात्र ४६ मिनिटंच परत देतो. कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकलेले असतो. जाऊन-येऊन हिशोब कधीच बरोबरीत सुटत नाही, वारा स्वतःची दलाली ठेवूनच घेतो.

वारा रोज बदलतो म्हणून वाटही रोज बदलते. अटलांटिकवर तर आकाशातल्या वाटा दररोज नव्याने आखल्या जातात. पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वाटा स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकचं केंद्र ठरवतं, पूर्वेला येणाऱ्यांच्या कॅनडातल्या गँडरचं. जाणारे जेट स्ट्रीम चुकवत जातात, येणारे मुद्दाम तिच्यात शिरतात. हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक वाढतो, नदीला पूर येतो आणि हा भेद जास्त जाणवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपवर वादळ आलेलं असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग १,३०० च्या पुढे गेला होता, तरी ध्वनीच्या वेगाची भिंत वगैरे काही फुटली नाही, कारण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच चालीने चाललं होतं.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हे समीकरण डोक्यातून काढायचं असेल तर मला एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं. ते आधी अटलांटिकवरून पश्चिमेला जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पूर्वेला पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० झालं. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी प्रवास जवळपास दोन तासांनी आटोपशीर होऊन साडेचौदा तासांवर आला. आधी वारा तोंडावर होता, आता पाठीवर आला, एवढंच. वर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे प्रवाशांना तारखेचा एक दिवस परत मिळतो. हे मी मावशीला सांगायचं टाळलं, नाहीतर तिने तिकीट परत केलं असतं.

अजून एक. तिकिटावर लिहिलेले तास म्हणजे हवेतले तास नव्हेत. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या गेटवर चाकाखाली ठोकळे लागेपर्यंतचा हा वेळ असतो, या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. कंपन्या त्यात थोडी सैल जागाही ठेवतात, कारण उशिरा आलेलं विमान सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि वेळेत आलेलं कुणाच्याच नाही. लवकर पोचलो म्हणून आपण पायलटचं कौतुक करतो, त्यातला बराच भाग वेळापत्रक आखणाऱ्याचा असतो. मध्ये दुबई किंवा फ्रँकफर्टला उतरून जाणाऱ्यांनी तर किलोमीटर बघूच नयेत, त्यांचा प्रवास ठरवणारा आकडा म्हणजे दुसऱ्या विमानाची वाट बघण्यातले तास.

मावशी ऑक्टोबरात परत आली. पाठीवर चांगला वारा असावा, कारण अकराचं विमान साडेदहाच्या सुमाराला टेकलं. सामान लवकर मिळालं, इमिग्रेशनला गर्दी नव्हती, आणि अकरा-वीसला तिचा फोन आला.

"बाहेर उभी आहे. कुठे आहात?"

"घाटकोपरला."

"डोंबिवलीहून विमानतळ किती किलोमीटर रे?"

"पस्तीस-चाळीस."

"आणि निघालात किती वाजता?"

"साडेनऊला."

ती काही बोलली नाही. पलीकडे बोटांवर मोजत असणार.